डोहाळजेवण

सासूबाईंनी गरोदर मनकर्णाच्या ताटातली भाकरी मोडून अर्धी काढून घेतली.

"पोटभर खाल्लं की लेकरू मोठं व्हतं अन् बाई अडती. माझी लेक तशीच गेली."

"अंगणवाडीच्या ताई म्हणत्यात, दोन जिवांचं खा."

"तुझ्या कळा ताई सोसणार हाय व्हय?" म्हणत त्यांनी अंगणवाडीतून आलेलं अंडंही उचललं.

पुढे कळा सुरू झाल्यावर मनकर्णा तासाभरात बाळंत झाली. बाळ जेमतेम सव्वा किलोचं भरलं. तिसऱ्या दिवशी ते गेलं.

दोन महिन्यांनी शेजारच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. मनकर्णा पुरणपोळ्या वाढत होती. सासूबाई त्या पोरीशेजारी जाऊन बसल्या आणि त्यांनी तिच्या ताटातली पोळी मोडून अर्धी काढून घेतली.

"इचार आमच्या मनकर्णाला," त्या मायेनं म्हणाल्या, "जरा तरी तरास झाला का?"