वहिनींचा मान

"आकाशात लहानमोठा कोणी नसतो," असं ग्लायडिंग क्लबच्या अध्यक्षांनी डोंगरातल्या सहलीच्या पहिल्या सकाळी सांगितलं. मग उडायच्या पाळ्या लागल्या. सचिवांच्या बायकोला, म्हणजे सगळ्यांच्या वहिनींना, पाळीऐवजी काम मिळालं: ग्लायडरच्या पंखाचं टोक उचलून धरायचं आणि तो वेग घेईपर्यंत सोबत धावायचं.

पाच दिवस वहिनी मेंढ्यांच्या लेंड्यांतून धावल्या. रोज संध्याकाळी बूट धुताना विचारायच्या, "अहो, माझा नंबर कधी?"

"अगं, बघू. हवेवर आहे सगळं," सचिव म्हणायचे. हवा पाचही दिवस उत्तम होती.

सहाव्या दिवशी अध्यक्षांसोबत पुढच्या सीटवर बसणाऱ्या सभासदाचं पोट बिघडलं. अध्यक्ष पंखापाशी आले.

"वहिनी, वजन किती तुमचं?"

"बासष्ट. का हो?"

"झकास! बसा पुढच्या सीटवर. आज तुमचा मान."

वहिनींनी घाईघाईने बूट गवताला पुसले. वीस मिनिटं त्या डोंगरांच्याही वर होत्या. ग्रुपवर फोटो पडला, खाली अध्यक्षांचे शब्द: 'आमच्या क्लबात स्त्रीला पुढची जागा.' त्याखाली सचिवांनी टाळ्यांचे हात टाकले, तीनदा.



पुढची सीट रिकामी असली की ग्लायडरचा तोल राखायला तिथे वजन म्हणून बांधायच्या शिशाच्या पट्ट्या क्लबातच राहिल्या होत्या. सातव्या दिवशी पट्ट्या आल्या, आणि वहिनी पुन्हा पंख धरून उभ्या राहिल्या.