निळा कोट

अमेरिकेत जॉर्जियातल्या त्या गावात दरवर्षी उत्तर-दक्षिण यादवी युद्धातली लढाई मैदानावर लुटुपुटूची लढायचे. हॉलिस कायम दक्षिणेच्या राखाडी कोटात, हरणाऱ्यांच्या बाजूने. यंदा उत्तरेकडून लढायला माणसंच मिळेनात, म्हणून त्याच्या गळ्यात निळा कोट पडला.

"दक्षिणेसाठी लढलेले खापरपणजोबा काय म्हणतील?" तो कुरकुरला.

"घाल मुकाट्याने," बायको मेव्हिस म्हणाली. "दरवर्षी हरतोस नि आठवडाभर तोंड पाडून बसतोस. एकदा जिंकून तरी ये."

संध्याकाळी स्वारी परतली ती तोंड पाडूनच.

"आता काय? निळेच जिंकतात ना?"

"कसले जिंकतात! समोरचा एकही मरायला तयार नाही. नेम धरून बार काढला तरी बेटे उभेच. वर म्हणतात, 'गोळी चुकली!' काही लाज?"

मेव्हिसने तळलेल्या कोंबडीचं ताट पुढे सरकवलं.

"तू तरी इतक्या वर्षांत कधी मेला होतास?"