यालमारीसोबत एक नाच

मंचावर यालमारीचं तिसरं गाणं संपलं तशी हिल्क्का म्हणाली, "हा माणूस गात नाहीये, हजेरी लावतोय."

धाकट्या बहिणीनं, सेल्मानं, गोड पावाचा तुकडा कॉफीत बुडवला. "ताई, आवाज तर तोच आहे की."

"आवाजाचं कोण बोलतंय?"

आवाज तोच होता. खोल, किंचित खरखरीत, ओल्या लाकडाच्या धुरासारखा. त्याच्या सोबतीनं हिल्क्कानं उभा जन्म गोठ्यात धारा काढल्या होत्या. रेडिओवर यालमारीचं टँगोचं गाणं लागलं की गाईसुद्धा शेपटी आवरून उभ्या राहत. नवऱ्याला नाचाचं वावडं, आणि गाईंना रविवार नसतो. त्यामुळं तळ्याकाठच्या या नाचघरात यायला तिला नवरा जाईपर्यंत आणि गाई विकेपर्यंत थांबावं लागलं. आज ती निळा झगा घालून यालमारीच्या बँडसमोर उभी होती.

आणि यालमारी? बसची वाट बघत असल्यासारखा. नजर छताला. काळीज जळत असल्याचं गाणं ऐन रंगात आलं असताना त्यानं मानेवरचा डास मारला.

"म्हातारा झालाय गं," सेल्मा म्हणाली. "चल, सॉसेज खाऊ आणि घरी जाऊ."

"त्याच्याशी नाचल्याशिवाय मी हलत नाही."

"गायकाशी? खुळी की काय तू!"

"डोळ्यांत बघून विचारणार आहे, एवढा जीव ओतलास तो कुणासाठी म्हणून."

तेवढ्यात खांबावरचा लाल दिवा लागला. लाल दिवा म्हणजे बायकांनी पुरुषाला नाचायला बोलवायचं, आणि बोलावलेल्यानं नाही म्हणायचं नाही. दोन गाणी नाचायचं, मग बाईला तिच्या जागेवर पोचवायचं. चर्चमधली लग्नाची शपथ मोडलेली माणसं गावात चिक्कार होती. हा नियम मोडलेला एकही नव्हता.

हिल्क्का दबा धरून थांबली. पुढच्या गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतर नुसतं अकॉर्डियन वाजू लागलं, तशी ती सरळ मंचाची पायरी चढली आणि यालमारीपुढं हात केला.

नाचणाऱ्या जोड्या थबकल्या. कुणीतरी ओरडलं, "जा की रे बाबा, खात नाही ती!"

यालमारी पांढराफटक पडला. त्यानं मागं बँडकडं पाहिलं, लाल दिव्याकडं पाहिलं, आणि मुकाट्यानं खाली उतरला.

नाचत मात्र झकास होता. फक्त तळवे घामानं ओलेचिंब.

"बाई, सोडा मला," तो कुजबुजला. "कडवं येतंय."

"येऊ दे."

"अहो, मला वर जायला हवं!"

"दोन गाणी," हिल्क्का म्हणाली, आणि हिसके देणारी कालवड धरावी तशी तिनं पकड आवळली. "आधी माझ्याकडं बघ."

त्यानं बघितलं. डोळ्यांत नुसती भीती. ओठ घट्ट मिटलेले.

आणि कडवं आलं. अगदी ठेक्यावर. तोच खोल, खरखरीत आवाज, वरून मंचावरून.

हिल्क्कानं मान वळवली. अकॉर्डियन वाजवता वाजवता त्याच्याच आड, वाद्यासाठी लावलेल्या मायक्रोफोनवर वाकून, एक जाडजूड म्हातारी डोळे मिटून गाण्यात जीव ओतत होती.