जोडीदाराची साक्ष

"पूनम वरच्या बॅचला जायला तयार आहे का?" शिवानंद सरांनी इंग्रजीत विचारलं आणि खडू प्रतिक्षाच्या हातात दिला. खडू हातात आहे तोवर बोलायचं, थांबायचं नाही, हा त्या क्लासचा रिवाज.

नवी पेठेत कापडाच्या दुकानावर हा क्लास भरतो. सर परीक्षा घेत नाहीत. ज्या जोडीदाराबरोबर रोज इंग्रजी बोलायचा सराव केला, त्यानंच सगळ्यांपुढे उभं राहून साक्ष द्यायची, तीही इंग्रजीत. मग सर ठरवतात. वरची बॅच म्हणजे खरं तर गच्चीवरची पत्र्याची खोली. सोलापूरच्या उन्हात तिथं बसणं म्हणजे स्वतःला भाजून घेणं. पण पुण्याच्या कंपन्यांच्या मुलाखतींना मुलं पाठवतात ती तिथूनच. आणि या खेपेला वर एकच खुर्ची रिकामी होती.

पूनम पहिल्या बाकावर बसली होती. मान खाली, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू. पायाशी स्टीलचा डबा, त्यात शेंगापोळ्या. वर जाणाऱ्यानं सगळ्यांचं तोंड गोड करायचं असतं, म्हणून तिच्या मामीनं पहाटे उठून केल्या होत्या. म्हणजे निकाल लागायच्या आधीच बाईसाहेब वाटायची तयारी करून आल्या होत्या. तो डबा दिसल्यापासून प्रतिक्षाच्या पोटात दुखत होतं.

दुखेल नाही तर काय! पूनमला हाताला धरून या क्लासला आणलं होतं ते प्रतिक्षानंच. सांगोल्याकडून, मेंढरांमागून आलेली पोर. शेजारी मामाकडे राहायला आली तेव्हा तिला इंग्रजीत स्वतःचं नाव सांगताना घाम फुटायचा. प्रतिक्षा शहरात वाढलेली, वडील महापालिकेत कारकून, घरी इंग्रजी पेपर यायचा. आणि आता पूनम पुढे निघाली होती. प्रतिक्षा मात्र दर वाक्याला अडायची. "तू आधी मराठीत विचार करतेस, मग त्याला इंग्रजीची इस्त्री मारतेस," असं सर तिला म्हणायचे. वर्ग हसायचा. पूनम तेवढी हसायची नाही, आणि त्याचाच प्रतिक्षाला जास्त राग यायचा. मागच्या खेपेला पूनमनं तिच्यासाठी भरभरून साक्ष दिली होती, तरीही सरांनी तिला खालीच ठेवलं होतं.

आज 'हो, तयार आहे' एवढंच म्हणायचं होतं. प्रतिक्षा ते पाठ करूनही आली होती. या खेपेला पूनम वर गेली नाही, तर तिचे वडील येऊन तिला गावी घेऊन जाणार, स्थळ बघून ठेवलंय, हेही प्रतिक्षाला ठाऊक होतं. पूनमनंच तिला सांगितलं होतं, रिक्षात, रडत रडत.

प्रतिक्षानं पाठ केलेलं पहिलं वाक्य म्हटलं. पूनम कष्टाळू आहे. दुसरं म्हटलं. पूनम एक दिवसही चुकवत नाही. मग तिची नजर डब्यावर गेली. झाकणाच्या कडेला तूप चमकत होतं.

मग ती 'पण' म्हणाली.

पण पूनमची धीटाई क्लासच्या दारापर्यंतच आहे, असं तिनं सांगितलं. इथं जे फाडफाड बोलते ते आदल्या दिवशी आरशापुढे घोकलेलं असतं. परवा मामाच्या मेडिकलमध्ये औषध कंपनीच्या माणसाचा इंग्रजीत फोन आला, तर हिनं तो हातातून टाकला आणि मागं खोक्यांआड जाऊन बसली. हिला पुण्याला पाठवाल, तर ही तिथंही अशीच लपेल, आणि नाव क्लासचं जाईल. पूनमची मान वर आली होती. प्रतिक्षा तिच्याकडे बघून बोलत होती आणि थांबत नव्हती. कधी पूनमनं विश्वासानं सांगितलेलं, कधी तिनं नुसतं पाहिलेलं, सगळं बाहेर पडत होतं. शेवटी सरांनीच पुढे होऊन तिच्या हातातला खडू काढून घेतला.

सरांनी पूनमला अजून थोडं थांबायला सांगितलं. मग प्रतिक्षाकडे वळले.

"आज इस्त्री नव्हती," सर म्हणाले. "एकदाही नाही. वरच्या खुर्चीवर तू बस."

मागच्या बाकावर कुणीतरी टाळी वाजवली आणि लगेच थांबवली. किती दिवस या वाक्याची वाट पाहिली होती प्रतिक्षानं! ते आलं आणि तिला पूनमकडे बघवेना.

क्लासच्या उंबऱ्याच्या आत मराठी बोलायचं नाही, असं दोघींनी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. पूनमनं तो नियम आजवर मोडला नव्हता. ती उठली, डबा घेऊन प्रतिक्षाजवळ आली.

"लई छान बोललीस," ती मराठीत म्हणाली. "एका बी जागी अडली न्हाईस."

प्रतिक्षाचे हात खडूनं पांढरे झाले होते. पूनमनं त्याच हातांत डबा ठेवला.

"घे, आता तूच वाट. वरच्या दोन कागदात बांधलेल्या हायत, त्या वाटू नको. मामीनं तुझ्यासाठी येगळ्या काढल्यात."