सातवी चुणी

"वहिनी, व्हिडिओतल्या बाई बघा कशा भराभर वळतायत! तुमचं एक डंपलिंग होईपर्यंत त्यांचं जेवून हात धुऊन होईल." माझे धाकटे दीर सकाळपासून सोफ्यावर लोळत अशी मुक्ताफळं उधळत होते. पिठाला हात लावायचं मात्र नाव नाही.

शेवटी माझंही डोकं फिरलं. सगळ्या डंपलिंगना मी सहा-सहा चुण्या घातल्या होत्या. एकात कोबी-गाजराऐवजी ठेचलेल्या हिरव्या मिरच्या ठासून भरल्या आणि खूण म्हणून त्याला सातवी चुणी घातली. मग पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं. वळून बघते तर सासरे ओट्यापाशी उभे. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस! चष्मा नाकावर ओढून ताटातलं एकेक डंपलिंग निरखत होते. मला कौतुकच वाटलं.

वाफाळती डंपलिंगं टेबलावर आली. दिरांना वाढायला म्हणून मी सात चुण्यांचं शोधू लागले. तीनदा मोजलं. सगळी सहाचीच!

"शोधताय काय एवढं? केलीत तुम्ही, पहिला मान तुमचा," असं म्हणत दिरांनी त्यातलंच एक उचलून माझ्या ताटलीत ठेवलं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले.

तेवढ्यात सासरे माझ्याकडे झुकले आणि मोठ्या मायेनं कानात म्हणाले,

&nbsp;

"घाबरू नकोस सूनबाई. एकाला चुकून जास्तीची चुणी पडली होती, ती मी उसवून नीट केली. आता कुणाच्या बापाला ओळखू येणार नाही."