समजावून सांग त्याला

"तुमचा कवितासंग्रह आहे माझ्याकडे, प्रोफेसर," हातातला सरकारी कागद पुढे करत गोरा अधिकारी हळू आवाजात म्हणाला. "माझी आई गेली, तेव्हा चर्चमध्ये मी तुमचीच कविता वाचली होती. आईवरची."

ती कविता ॲब्नरने जिच्यावर लिहिली होती, ती त्याची म्हातारी आई मागेच दाराची चौकट धरून उभी होती. केपटाउनमधली त्यांची वस्ती सरकारने गोऱ्यांसाठी राखून ठेवली होती आणि बाकीच्यांना दूर माळावर हलवायचं ठरवलं होतं. ट्रक दारात येऊन लागला होता.

"साहेब, ऐंशी वर्षांची आहे हो ती. महिनाभर तरी थांबा."

"माझ्या हातात काही नाही," अधिकारी म्हणाला. त्याचे डोळे खरोखरच भरून आले होते. मग वळून त्याने हमालांना खूण केली.

आईने ॲब्नरची बाही ओढली. "अरे, तू कॉलेजात आफ्रिकान्स शिकवतोस ना? हाही आपलीच भाषा बोलतोय. मग नीट समजावून सांग की त्याला!"

ॲब्नरने तोंड उघडलं. तीस वर्षं त्याने या भाषेतला एकेक शब्द पारखून घेतला होता. पण या माणसापुढे ठेवावा असा एकही त्याला सापडेना. तेवढ्यात हमालांनी जेवणाचं टेबल उचललं.

"जरा जपून," तो म्हणाला, "त्याचा एक पाय ढिला आहे."