पुलाची कड

पुरानं फरशी पुलाच्या कडेची माती खरवडून नेली होती. तिथंच जीप रुतली आणि सारजाबाई सिल्लोडच्या दवाखान्यापर्यंत पोचलीच नाही.

दहाव्याला तिच्या पिंडाला कावळा शिवेना. तिच्या नवऱ्यानं, कारभारीनं, हात जोडले. "लेकीला चांगल्या घरी देतो. तुझ्या म्हशी विकणार नाय." कावळा फांदीवरून हलेना.

"दाजी, ताईचा जीव कशात अडकलाय, ते बोला की!" मेव्हणा वैतागला.

"पुलाच्या कडेला दगड बसवून घेतो, सारजे. आता माती वाहणार नाय."

कावळा लगेच शिवला. मंडळी सुटकेनं उठली.

कारभारी बसूनच राहिला.


दर उन्हाळ्यात हेच मागणं घेऊन तो बांधकाम खात्याच्या साहेबांच्या दारात उभा राहायचा. पहिल्यांदा ऐकलं ते कावळ्यानं.